घड्याळाचे काटे किती अंश फिरले? साडेतीनपासून सुरुवात करून सगळी गणितं

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी संध्याकाळी गणित शिकवते. घड्याळाचा विषय आला की पहिल्या दिवशी एकच प्रश्न घालते: साडेतीन वाजता तास काटा आणि मिनिट काटा यांच्यात किती अंशांचा कोन होतो? बहुतेक वह्यांत उत्तर येतं ९०°. तीन आणि सहा या आकड्यांमध्ये तीन घरं, एक घर ३० अंशांचं, तीस त्रिक नव्वद. पाढा बरोबर म्हटलेला असतो आणि तरी उत्तर चुकतं. खरं उत्तर ७५° आहे.

मुलांनी तास काटा तीनवर उभा धरलेला असतो. साडेतीनला तो तिथे नसतो. तीन सोडून चारच्या निम्म्या वाटेवर पोचलेला असतो. आणि हे आपण रोज तोंडाने म्हणतही असतो: साडेतीन, म्हणजे तीन आणि अर्धा. मराठीत वेळ सांगताना आपण तास काट्याची जागाच सांगत असतो. एवढं एकदा लक्षात आलं की या प्रकरणातली निम्मी गणितं तोंडी सुटतात. शाळेतल्या मुलांना, त्यांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांना आणि भरतीच्या परीक्षांसाठी बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी ही सगळी रीत पहिल्यापासून मांडते.

आधी सेल काढा, मग पेन हातात घ्या

घरातलं एखादं जुनं भिंतीवरचं घड्याळ खाली घ्या आणि त्याचा सेल काढा. मागे वेळ लावायची छोटी चकती असते, ती बोटाने सावकाश फिरवा. मिनिट काटा बारावरून निघून पुन्हा बारावर येईपर्यंत त्याच्याकडे बघूच नका, नजर तास काट्यावर ठेवा. तो कुठे थांबत नाही आणि शेवटी एकदम उडीही मारत नाही. अगदी हळू, पण सतत सरकत एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जातो.

याचं कारण घड्याळाच्या पोटात आहे. मिनिट काट्याच्या आसापासून तास काट्यापर्यंत दातेरी चाकांची जोडणी असते. मिनिट काट्याच्या बारा फेऱ्या झाल्या की तास काट्याची एक फेरी व्हावी, अशा हिशोबाने त्यांचे दाते पाडलेले असतात. दाते एकमेकांत अडकलेले असल्यामुळे एक काटा हलला की दुसऱ्याला त्याच्या बाराव्या हिश्शाने हलावंच लागतं.

मुलांची चूक कुठून येते हेही यातून कळतं. वर्गात शिकवायला पुठ्ठ्याचं घड्याळ वापरतात. त्याचे काटे एका टाचणीवर बसवलेले असतात आणि दोन्ही सुटे फिरतात. मिनिट काटा सहावर आणि तास काटा बरोबर तीनवर, अशी वेळ त्यात आरामात लावता येते. खऱ्या घड्याळात ही स्थिती कधीच येत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की घड्याळातले कोन शिकवायला पुठ्ठ्याचं घड्याळ वापरू नये. बंद पडलेलं का होईना, खरं घड्याळ घ्यावं.

आता कंपासपेटीतला कोनमापक घ्या. त्याचा मध्यबिंदू काट्यांच्या आसावर आणि शून्याची रेघ बाराच्या दिशेला ठेवा. काच असेल तर डोळा बरोबर वरून हवा, तिरकं पाहिलं तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. साडेतीनची वेळ लावा आणि तास काटा कुठे आहे ते वाचा. १०५ च्या आसपास येईल. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे गणिताने तोच येणार आहे.

पाठ करायचे ते एवढेच

पूर्ण फेरी ३६० अंशांची. हा आकडा बॅबिलोनी लोकांच्या साठाच्या गणतीतून आलेला आहे आणि घड्याळासाठी तो फार सोयीचा ठरतो, कारण त्याला १२ नेही भाग जातो आणि ६० नेही. पहिल्या भागाकाराने ३० मिळतात, दुसऱ्याने ६. तबकडीवर शेजारच्या दोन आकड्यांमध्ये ३० अंश आणि शेजारच्या दोन बारीक रेघांमध्ये ६ अंश.

यावरून काट्यांचे वेग असे निघतात:

सेकंद काटा ६० सेकंदांत ३६०° फिरतो, म्हणजे एका सेकंदात ६°.
मिनिट काटा ६० मिनिटांत ३६०° फिरतो, म्हणजे एका मिनिटात ६°.
तास काटा १२ तासांत ३६०° फिरतो, म्हणजे एका तासात ३०° आणि एका मिनिटात अर्धा अंश.

मुलांकडून मी शेवटच्या दोन ओळी अशा म्हणवून घेते: मिनिट काटा मिनिटाला सहा, तास काटा मिनिटाला अर्धा. सहा हे अर्ध्याच्या बारापट आहेत, आणि दातेरी चाकांनी तेच प्रमाण राखलेलं असतं.

तास काट्याच्या अर्ध्या अंशाकडे जरा थांबून बघा. बारीक रेघांमधलं अंतर ६° आहे, म्हणून तास काट्याला एक बारीक रेघ ओलांडायला १२ मिनिटं लागतात. एखाद्या घड्याळाचा मिनिट काटा गळून पडला असेल आणि तास काटा तीनच्या पुढे दोन रेघांवर असेल, तर तीन वाजून २४ मिनिटं झाली आहेत. एकटा तास काटाही वेळ सांगू शकतो. ख्रिस्तियान हायगेन्स याने १६५६ साली पेंडुलमचं घड्याळ तयार केलं. त्याच्या आधीच्या बहुतेक घड्याळांना खरोखरच एकच काटा असायचा, आणि तो तास काटा होता. मिनिट काटा नंतर आला, तो बारीक वेळ सोप्या रीतीने वाचता यावी म्हणून.

पाव, साडे, पावणे

आता मराठीची मदत घेऊ. तास काट्याची जागा बारापासून मोजायची असेल तर वाजलेले तास गुणिले ३०, इतकंच करायचं. फक्त तास अपूर्णांकासकट घ्यायचे. आपली भाषा ते अपूर्णांक तयारच देते.

सव्वातीन म्हणजे ३¼. तीसचा पाव साडेसात, म्हणून ९० अधिक ७.५, बरोबर ९७.५°.
साडेतीन म्हणजे ३½. तीसचं निम्मं पंधरा, म्हणून ९० अधिक १५, बरोबर १०५°. कोनमापकाने हेच दाखवलं होतं.
पावणेचार म्हणजे पाव उणे चार. १२० वजा ७.५, बरोबर ११२.५°.

म्हणजे ‘सव्वा’ ऐकलं की साडेसात मिळवायचे, ‘साडे’ ऐकलं की पंधरा मिळवायचे आणि ‘पावणे’ ऐकलं की पुढच्या आकड्यातून साडेसात वजा करायचे. दीड वाजता तास काटा ४५° वर असतो, अडीचला ७५° वर. जुन्या शाळांमध्ये पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीसुद्धा पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. ज्या आजोबांना औटकी येते त्यांना ‘औट तीस’ विचारून बघा, एकशे पाच हे उत्तर क्षणात येईल.

सगळ्यात सुंदर शब्द ‘पाऊण’. दुपारी १२ वाजून ४५ मिनिटं झाली की आपण म्हणतो, पाऊण वाजला. ही वेळ अंकांत १२:४५ अशी लिहिली की मुलं १२ गुणिले ३० करून ३६० आणतात, त्यात आणखी मिळवतात आणि ३८२.५ वर अडकून पडतात. ‘पाऊण’ म्हटलं की उत्तर समोर येतं: तीसचा पाऊण २२.५. बारा हा तबकडीवर शून्यच असतो. साडेबाराला मात्र शब्द मदत करत नाही, तिथे आपणच बाराला शून्य मानून फक्त अर्धा धरायचा, म्हणजे १५°.

इथेच एका सापळ्याची सूचना देते. आपण वेळ लिहिताना अडीचला सर्रास २.३० असं टिंब देऊन लिहितो. लग्नपत्रिकेत आणि नाटकाच्या जाहिरातीत असंच छापलेलं असतं, आणि तिथे ते चालतं. गणितात मात्र ते टिंब दशांश चिन्ह होऊन बसतं. २.३० गुणिले ३० म्हणजे ६९, आणि तास काटा तर ७५° वर आहे. ३० मिनिटं म्हणजे तासाचा ०.५, ०.३० नव्हे. कोनाच्या गणितात वेळ नेहमी दोन टिंबांनी लिहावी, २:३०, म्हणजे हात आपोआप थांबतो.

काटा किती फिरला?

परीक्षेत दोन वेगळे प्रश्न येतात आणि ते एकमेकांत मिसळले जातात. ‘अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत काटा किती अंश फिरला’ हा एक, आणि ‘अमुक वाजता दोन काट्यांमध्ये किती कोन’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नात उत्तर ३६० च्या वर जाऊ शकतं, दुसऱ्यात कधीच जात नाही. प्रश्न वाचल्यावर सर्वात आधी हे ठरवा.

पहिल्या प्रश्नाची रीत सरळ आहे. मधला वेळ मिनिटांत काढा. मिनिट काट्यासाठी त्याला ६ ने गुणा, तास काट्यासाठी २ ने भागा. ०.५ ने गुणणं आणि निम्मं करणं एकच, पण निम्मं करताना चूक कमी होते.

२:२० ते २:५५. मधली मिनिटं ३५. मिनिट काटा ३५ × ६ = २१०°. तास काटा ३५ ÷ २ = १७.५°. तबकडीवर ताळा करा: मिनिट काटा चारवरून अकरावर गेला, सात घरं, सात गुणिले तीस दोनशे दहा.

आता जरा अवघड: सकाळी ११:५० ते दुपारी १:०५. इथे वजाबाकी मांडू नका, बारावर थांबा घ्या. ११:५० पासून बारापर्यंत १० मिनिटं, बारापासून १:०५ पर्यंत ६५, एकूण ७५ मिनिटं. मिनिट काटा ७५ × ६ = ४५०°. म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर ९०°. प्रश्नात ‘किती अंश फिरला’ असं असेल तर उत्तर ४५०. कागदावर तो दहावरून एकवर आलेला दिसतो आणि म्हणून मुलं ९० लिहून मोकळी होतात. काट्याच्या दोन जागा पाहून किती फेऱ्या झाल्या ते कळत नाही, ते मधल्या वेळेवरूनच कळतं. तास काटा याच वेळात ७५ ÷ २ = ३७.५° फिरला.

आणखी एक मोठं उदाहरण, सकाळी ९:१५ ते दुपारी १:४०. सव्वानऊ ते सव्वाएक चार तास, वर २५ मिनिटं, एकूण २६५ मिनिटं. तास काटा १३२.५°. मिनिट काटा १५९०°, म्हणजे चार फेऱ्या (१४४०°) आणि १५०°.

सेकंद काट्याचं वेगळं काही नाही. ४० सेकंदांत २४०°. पण सेकंद प्रश्नात आले की बाकीचे काटेही त्या सेकंदांत हलतात हे विसरू नये. मिनिट काटा एका सेकंदात ०.१° सरकतो. तास काटा एका सेकंदात अंशाचा १२० वा भाग सरकतो, जो डोळ्याला दिसणं शक्यच नाही.

उलट प्रश्नही येतो: काटा इतका फिरला, तर किती वेळ गेला? गुणाकाराच्या जागी भागाकार. तास काटा १००° फिरला तर १०० × २ = २०० मिनिटं, म्हणजे ३ तास २० मिनिटं. मिनिट काटा १००° फिरला तर १०० ÷ ६ = १६ मिनिटं ४० सेकंद. कोन तोच, वेळेत बारापटीचा फरक, म्हणून प्रश्नातल्या काट्याच्या नावाखाली रेघ ओढायची सवय लावा.

दोन काट्यांमधला कोन

इथे मी सूत्र आधी देत नाही. दोन्ही काटे बारापासून किती अंशांवर आहेत ते वेगवेगळं काढायचं, आणि मग मोठ्यातून लहान वजा करायचा. काट्याला उभं राहायची जागा दिल्याशिवाय कोन शोधला की पहिल्या परिच्छेदातली चूक होतेच.

साडेतीन: तास काटा १०५°, मिनिट काटा ३० × ६ = १८०°. फरक ७५°.

सव्वातीन: तास काटा ९७.५°, मिनिट काटा ९०°. फरक ७.५°. ‘सव्वातीनला काटे एकावर एक असतात’ असं मोठी माणसंही खात्रीने सांगतात. नसतात, तास काटा पाव घर पुढे गेलेला असतो.

७:२० ला तास काटा २१० अधिक २० चं निम्मं १०, म्हणजे २२०°. मिनिट काटा १२०°. फरक १००°.

८:१० ला तास काटा २४५°, मिनिट काटा ६०°. फरक १८५°. हा सरळ कोनापेक्षा मोठा, म्हणजे प्रविशाल कोन झाला. प्रश्नात काही खास सांगितलं नसेल तर दोन काट्यांमधला लहान कोन अपेक्षित असतो, म्हणून ३६० − १८५ = १७५°. ‘प्रविशाल कोन किती’ असं विचारलं असेल तर १८५° हेच उत्तर.

१२:४० ला तास काटा फक्त २०°, मिनिट काटा २४०°. फरक २२०°, लहान कोन १४०°.

घड्याळांच्या जाहिरातींत काटे बहुधा दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास लावलेले दिसतात, दोन्ही बाजूंनी वर उचललेले. तो कोन काढून बघा: तास काटा ३०५°, मिनिट काटा ६०°, फरक २४५°, लहान कोन ११५°. आणि दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरी त्या सारख्या नाहीत. मिनिट काटा बाराच्या उजवीकडे ६० अंशांवर आहे आणि तास काटा डावीकडे ५५ वर.

उत्तर काढण्याआधी डोळे मिटून काटे मनात उभे करा आणि कोन लघुकोन आहे की विशालकोन ते म्हणा. गणिताने ७:२० चं उत्तर ४० आलं आणि मनातल्या चित्रात विशालकोन दिसत असेल, तर चित्रावर विश्वास ठेवून आकडेमोड परत तपासा.

हे सगळं हातात बसल्यावर सूत्र आपोआप तयार होतं. तास काटा ३० × तास + मिनिटं ÷ २ वर असतो, मिनिट काटा ६ × मिनिटं वर. वजाबाकी केली की उरतं ३० × तास − ५.५ × मिनिटं. उणे चिन्ह आलं तर सोडून द्यायचं, १८० च्या वर गेलं तर ३६० मधून वजा करायचं. या सूत्रातला ५.५ मात्र नीट ओळखून ठेवण्यासारखा आहे. मिनिट काटा मिनिटाला सहा अंश धावतो, तास काटा अर्धा अंश पुढे निसटतो, म्हणून दोघांमधलं अंतर दर मिनिटाला साडेपाच अंशांनी बदलतं. पुढची सगळी अवघड गणितं या साडेपाचावर चालतात.

काटे एकमेकांना कधी गाठतात?

बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक आहेत. पुन्हा भेटायला मिनिट काट्याने तास काट्यावर पूर्ण एका फेरीची, म्हणजे ३६० अंशांची आघाडी घ्यायला हवी. दर मिनिटाला आघाडी साडेपाच अंशांची. ३६० ÷ ५.५ = ६५ ५/११ मिनिटं. म्हणून दर ६५ ५/११ मिनिटांनी भेट होते. बारा तासांत अशा भेटी अकरा, दिवसभरात बावीस. बारा नाहीत, कारण अकरा आणि एकच्या दरम्यान काटे एकदाच भेटतात, ठीक बाराला.

चार आणि पाचच्या दरम्यान ते कधी भेटतील? चार वाजता तास काटा १२०° पुढे आहे. १२० ÷ ५.५ = २१ ९/११. म्हणजे चार वाजून २१ मिनिटं आणि साधारण ४९ सेकंदांनी.

काटकोनासाठी हीच रीत. सात आणि आठच्या दरम्यान काटकोन कधी? सात वाजता मिनिट काटा २१०° मागे आहे. तो ९०° मागे राहील इतपत यायला १२० अंश भरून काढायचे: १२० ÷ ५.५ = २१ ९/११ मिनिटं. दुसरा काटकोन तो तास काट्याला ओलांडून ९०° पुढे गेल्यावर: २१० + ९० = ३००, आणि ३०० ÷ ५.५ = ५४ ६/११ मिनिटं. पहिल्याचा ताळा: ७ वाजून २१ ९/११ मिनिटांनी मिनिट काटा सुमारे १३०.९° वर, तास काटा २२०.९° वर, फरक ९०.

एका भेटीपासून पुढच्या भेटीपर्यंत काटकोन दोनदा होतो आणि काटे एकमेकांच्या विरुद्ध एका सरळ रेषेत एकदा येतात. बारा तासांत अकरा भेटी, म्हणून काटकोन २२ आणि सरळ कोन ११. दिवसाचे दुप्पट, ४४ आणि २२. भरतीच्या परीक्षेत हे आकडे विचारतात आणि ते पाठ करायला सांगतात. मला ते पाठ करणं पटत नाही. अकरा भेटी का होतात हे कळलं असेल तर बाकीचे आकडे दहा सेकंदांत उभे करता येतात.

घटिकापात्र आणि मुंबईची वेळ

लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवलेलं काहींनी पाहिलं असेल. पाण्याने भरलेल्या भांड्यात तळाला बारीक छिद्र असलेली वाटी सोडतात, ती भरून बुडाली की एक घटिका झाली. दिवसाच्या ६० घटिका, म्हणून एक घटिका २४ मिनिटांची. ती वाटी बुडेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिट काटा २४ × ६ = १४४° फिरतो आणि तास काटा १२°. त्याच वेळात सूर्याच्या संदर्भात आपली पृथ्वी फिरते ६°, कारण तिला ३६० अंशांना २४ तास लागतात. म्हणजे पृथ्वी तास काट्याच्या निम्म्या वेगाने फिरते: तासाला १५°, चार मिनिटांना एक अंश. मिनिट काट्याला एका मिनिटात जेवढा कोन लागतो, तेवढाच पृथ्वीला एका घटिकेत.

चार मिनिटांना एक अंश, यातूनच आपली प्रमाणवेळ येते. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५° पूर्व रेखावृत्तावर धरलेली आहे. ८२.५ × ४ = ३३० मिनिटं, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबई त्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला साधारण पावणेदहा अंशांवर. पावणेदहा चोक एकोणचाळीस. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईत तिच्या ३९ मिनिटं मागे चालणारी ‘बॉम्बे टाइम’ कित्येक वर्षं वापरात होती. त्या काळात बॉम्बे टाइमवर चालणारं घड्याळ एखाद्याने प्रमाणवेळेला लावलं असेल, तर त्याला मिनिट काटा ३९ × ६ = २३४° पुढे फिरवावा लागला असेल, आणि तास काटा आपोआप १९.५° सरकला असेल. घड्याळ मागे किंवा पुढे असल्याची सगळी गणितं अशीच होतात.

आरशातलं घड्याळ

सलूनमध्ये खुर्चीवर बसलं की पाठीमागचं घड्याळ समोरच्या आरशात दिसतं. आरशात डावं-उजवं बदलतं, म्हणून बारापासून उजवीकडे जितके अंश, तितकेच ते डावीकडे दिसतात. खरी वेळ आणि आरशातली वेळ यांची बेरीज नेहमी बारा तास येते. आरशात ७:४० दिसले तर खरे ४:२० झालेत. १२ तासांतून वजा करताना ११:६० असं मांडलं की उसना घ्यावा लागत नाही. दोन काट्यांमधला कोन मात्र आरशात बदलत नाही. ४:२० ला १३० आणि १२०, फरक १०°. ७:४० ला २३० आणि २४०, फरक १०°.

सरावाला सहा गणितं

१. सकाळी ९:४० ते ११:२५ या वेळात दोन्ही काटे किती अंश फिरतील?
२. ६:४५ पासून तास काटा ८५° फिरला. आता किती वाजले?
३. पावणेअकराला दोन काट्यांमध्ये किती कोन?
४. साडेबाराला किती?
५. घड्याळ १८ मिनिटं पुढे गेलंय. ते बरोबर करायला कोणता काटा किती मागे न्यावा लागेल?
६. पाच आणि सहाच्या दरम्यान काटकोन केव्हा होतो?

उत्तरं. पहिल्यात १०५ मिनिटं, मिनिट काटा ६३०°, तास काटा ५२.५°. दुसऱ्यात १७० मिनिटं गेली, म्हणजे २ तास ५० मिनिटं, म्हणून ९:३५. तिसऱ्यात तास काटा ३३० − ७.५ = ३२२.५°, मिनिट काटा २७०°, कोन ५२.५°. चौथ्यात १५° आणि १८०°, कोन १६५°. पाचव्यात मिनिट काटा १०८° मागे, त्याबरोबर तास काटा ९° मागे. सहाव्यात पाच वाजता मिनिट काटा १५०° मागे आहे: १५० − ९० = ६०, भागिले ५.५, म्हणजे १० १०/११ मिनिटं; आणि १५० + ९० = २४०, भागिले ५.५, म्हणजे ४३ ७/११ मिनिटं. सहाव्याचं उत्तर आलं की सेल काढलेलं ते घड्याळ पुन्हा घ्या, पाच वाजून जेमतेम ११ मिनिटं लावा आणि दोन काट्यांच्या बेचक्यात वहीचा कोपरा ठेवून बघा.